पथ्याचं नंतर बघू, आधी गोळ्यांची यादी काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वय चौतीस, पुण्यात आयटीत नोकरी, सप्टेंबरात पेरूला पुकाल्पाजवळ दहा दिवसांच्या रिट्रीटचं बुकिंग झालंय, त्यात चार रात्री आयावास्का घ्यायची आहे, तर पथ्य काय पाळू, संकल्प कसा ठरवू, बॅगेत काय भरू. आणि अगदी शेवटी, जाता जाता, कंसात, "एस्सिटालोप्राम १० एमजी चालू आहे दोन वर्षं, पण ती हलकीच गोळी आहे ना ताई?"

माझं उत्तर त्या कंसापासून सुरू होतं. बाकी सगळं नंतर.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. मी मिरजेत नर्सिंग शिकले, आयसीयूत बरीच वर्षं काढली, आणि गेली नऊ वर्षं वर्षातले पाच-सहा महिने उकायाली नदीकाठच्या एका शिपिबो, म्हणजे तिथल्या जंगलातल्या आदिवासी जमातीतल्या, कुटुंबाच्या केंद्रात असते. मी औषध देत नाही, उपचाराची गाणी गात नाही, ते माझं काम नाही. ते करायला इथे लोक वीस-तीस वर्षं पथ्य धरून शिकतात. माझं काम म्हणजे येणाऱ्यांचे फॉर्म वाचणं, बीपी बघणं, रात्री अंधारात भिंतीला टेकून जागं राहणं आणि उलटीच्या बादल्या धुणं. तर बादल्या धुणाऱ्या बाईचं मत म्हणून वाचा.

आता ती गोळी, एस्सिटालोप्राम, डिप्रेशन-चिंतेवरची. आयावास्का म्हणजे दोन वनस्पती तासनतास उकळून केलेला काढा. एक वेल, बॅनिस्टेरिऑप्सिस कापी, आणि एक पाला, चाक्रुना. पाल्यात डीएमटी नावाचं भास घडवणारं रसायन असतं, पण नुसता पाला उकळून प्यायलात तर काहीच होत नाही, कारण आपल्या आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणजे एमएओ नावाचं एन्झाइम असतं ते डीएमटीला वाटेतच खलास करतं. वेलीतली हार्मिन आणि तिच्या बहिणी हे एन्झाइम काही तासांसाठी बंद पाडतात. म्हणून जंगलातले लोक वेलीलाच खरं औषध मानतात, नावही वेलीचंच आहे, केचुआ भाषेत आया म्हणजे मेलेले, आत्मे, आणि वास्का म्हणजे दोरी. बाहेरून आलेल्यांना मात्र पाल्यातल्या रंगांचंच अप्रूप.

हेच एन्झाइम मेंदूतलं सेरोटोनिनही साफ करत असतं. तुमची एस्सिटालोप्राम काय करते, तर सेरोटोनिन परत शोषलं जाण्याची वाट अडवते. म्हणजे मोरीला दोन भोकं आहेत समजा, एक गोळीने बुजवलं, दुसरं वेलीने बुजवलं, आणि वर नळ चालू. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात आणि यात माणूस दगावू शकतो. ज्यांनी गोळी चालू असताना घेतली त्या प्रत्येकाला हे होतंच असं नाही, आणि तीच पंचाईत आहे, कारण ज्याला काही झालं नाही तो घरी जाऊन सगळ्यांना सांगतो की उगाच घाबरवतात.

एक प्रसंग सांगते. एका जागी, नाव नको, मी मदतीला गेले होते. पन्नाशीतला एक माणूस, युरोपातून आलेला, फॉर्मवर सगळीकडे "नाही, नाही, नाही". कप घेतल्यावर तासाभराने, साडेदहा वाजले असतील, तो उठून बसायचा, परत आडवा, परत बसायचा. असं बरेच जण करतात म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. मग शेजारी जाऊन बसले तर शर्ट पिळून काढावा असा घामाने भिजलेला, आणि कडाकडा दात वाजत होते. थंडी वाजणाऱ्याचेही वाजतात, पण याचं अंग तव्यासारखं गरम. मी त्याची टाच हातात धरली आणि पाऊल एका झटक्यात वर दाबून धरलं. नॉर्मल माणसाचं पाऊल गप्प राहतं. याचं पाऊल माझ्या हातात टक टक टक टक ठोके द्यायला लागलं, थांबेचना. आयसीयूत हे बघितलेलं असल्यामुळे पुढचं लगेच कळलं. पेके-पेके म्हणजे इथली इंजिनाची होडी, तिच्यात घालून अंधारात पाऊण तास यारिनाकोचाच्या धक्क्यापर्यंत, तिथून मोटोटॅक्सीने हॉस्पिटल. वाचला तो, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. बॅगेत सर्ट्रालिनची, म्हणजे तुमच्याच गोळीच्या जातीतल्या गोळीची, पट्टी निघाली. गोळी सोडून दोन दिवस झाले होते तर चक्कर यायला लागली म्हणून त्या सकाळी परत घेतली होती. म्हणे, फॉर्मवर लिहिलं असतं तर घेतलं नसतं तुम्ही. बरोबर आहे, नसतं घेतलं.

तर आता तुम्ही काय करायचं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. हे मी दोनदा लिहिते कारण लोक नेमकं हेच करतात. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. तुमच्या सायकिअॅट्रिस्टकडे जायचं आणि "रिट्रीट", "हर्बल टी" असले गुळमुळीत शब्द न वापरता स्पष्ट सांगायचं की डॉक्टर, मॉक्लोबेमाइडसारखं रिव्हर्सिबल एमएओ-ए इनहिबिटर आणि त्यासोबत डीएमटी माझ्या पोटात जाणार आहे. मॉक्लोबेमाइड ही एमएओ थोडा वेळ अडवणारी डिप्रेशनची गोळी आहे, हा शब्द ऐकला की त्यांना पुढचं सगळं कळतं, अॅमेझॉनचं जंगल समजावून सांगावं लागत नाही. ते चिडतील, चिडू देत. मग त्यांना विचारा की माझी गोळी कमी करत करत बंद करण्यासारखी परिस्थिती आहे का, आणि असेल तर किती आठवड्यात. काही गोळ्या शरीरातून लवकर जातात, फ्लुऑक्सेटिनसारखी काही आठवडे रेंगाळते, म्हणून इंटरनेटवरचा "दोन आठवडे पुरे" हा आकडा सगळ्यांना सरसकट लावू नका. डॉक्टर म्हणाले की बंद करण्यासारखी परिस्थिती नाही, तर जाऊ नका. एवढंच. सप्टेंबर दरवर्षी येतो.

आणि बंद करता आली तरी एक गोष्ट कुणी सांगत नाही. गोळी सुटल्यानंतरचे काही महिने हा स्वतःच नाजूक काळ असतो, जुनं डिप्रेशन डोकं वर काढायचं असेल तर तेव्हाच काढतं. अशा अवस्थेत माणूस बत्तीस तासांचा प्रवास करून, अनोळखी जंगलात, अळणी जेवणावर, चार रात्री असं औषध घ्यायला येतो आणि मग म्हणतो मला त्रास का झाला. मी तर म्हणते गोळी सुटून तुम्ही घरीच, आपल्या माणसांत, तीन-चार महिने नीट झोपताय, जेवताय, कामाला जाताय असं दिसलं की मगच तिकीट काढा. म्हणजे तुमचा हा सप्टेंबर बहुधा जमणार नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. राग मानू नका.

बाकीची यादी. घरातला औषधांचा डबा टेबलावर उपडा करा आणि दिसेल ते लिहा, ज्याला तुम्ही औषध समजत नाही तेसुद्धा. खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन वाईट, ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी वाईट, सर्दीच्या गोळीत फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं ते बीपी चढवतं, आणि लिनेझोलिड हे अँटिबायोटिक स्वतःच एमएओ अडवतं. लिथियम चालू असेल तर विषयच संपला, सायकेडेलिक म्हणजे भास घडवणाऱ्या औषधासोबत फिट्स आल्याच्या नोंदी आहेत.

आणि आपल्या लोकांची खास गोष्ट म्हणजे आयुर्वेदिक चूर्णं. "ते काय, नॅचरल आहे" म्हणून फॉर्मवर कुणी लिहितच नाही. कौंच, म्हणजे आपली खाजकुइली, तिच्या बियांत एल-डोपा असतं, पार्किन्सनच्या गोळीत असतं तेच, आणि ते एमएओ इनहिबिटरसोबत घेतलं तर बीपी भडकू शकतं. ताकदीच्या कितीतरी चूर्णांत आणि पाकांत कौंच असतं, डब्याच्या मागे बारीक अक्षरात. दम्याच्या काही औषधांत सोमलता असते, म्हणजे एफेड्रा, ती पण नको. जिमवाल्यांचे पावडरचे डबे नकोत. आयावास्काची वेल पण नॅचरलच आहे हो.

आता घरचा इतिहास. फॉर्मवर प्रश्न असतो की तुम्हाला किंवा आईवडील, भावंडं यांच्यापैकी कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर, सायकोसिस? आपल्याकडे सगळे "नाही" लिहितात आणि खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच माहीत नसतं, कारण घरात त्याला नाव दिलेलं नसतं. मामा "जरा तऱ्हेवाईक" होता. आत्याला "लग्नानंतर कुणीतरी काहीतरी केलं". मोठा भाऊ "खूप हुशार होता पण डोक्यावर परिणाम झाला". म्हणून मी मराठी माणसाला वेगळं विचारते, घरातल्या कुणाला कधी येरवड्याला किंवा ठाण्याला ठेवलं होतं का? तेव्हा फोनवर शांतता पसरते. आईला विचारा, आईने टाळलं तर मावशीला विचारा. नुसतं नवरात्रात कुणाच्या अंगात येतं एवढ्यावरून मी कुणाला परत पाठवत नाही, पण आठवडाभर झोप नाही, बडबड, पैसे उधळले, मग सहा महिने अंथरुणात असा कुणी रक्ताच्या नात्यात असेल तर हे औषध तुमच्यासाठी नाही. हार्टचा त्रास, काबूत नसलेलं बीपी, फिट्स, गरोदरपण, हेही तसंच.

बरं. आता पथ्य, ज्याच्यासाठी तुम्ही खरं तर विचारलं होतं.

पथ्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक आहे डॉक्टरी. एमएओ बंद असताना टायरामिन नावाचा पदार्थ पचत नाही आणि बीपी वाढतं, म्हणून शिळं, आंबवलेलं, मुरवलेलं टाळायचं. जुनं चीज, सोया सॉस, सुकट-बोंबील, मुरलेली लोणची, वाइन, बिअर. वेल हे एन्झाइम कायमचं नाही तर काही तासच अडवते, त्यामुळे जुन्या एमएओ गोळ्यांइतका हा धोका मोठा नाही, पण आठ-दहा दिवस ताजं खाल्लं तर काही बिघडत नाही ना. घाबरून चिमूटभर दही खाल्लं म्हणून मला रात्री दोनला मेसेज करू नका, केलेत लोकांनी.

दुसरं आहे त्यांचं पथ्य. स्पॅनिशमध्ये दिएता, शिपिबोत सामा. मीठ नाही, साखर नाही, तेल नाही, तिखट नाही, डुक्कर नाही, दारू नाही, शरीरसंबंध नाही. हे बीपीसाठी नाही. त्यांचं म्हणणं असं की वनस्पतीला तिखटमिठाचा, वासनेचा वास सहन होत नाही, ती जवळ येत नाही. तुम्ही मानाल न मानाल, पण त्यांच्या घरी गेल्यावर त्यांचं सोवळं पाळायचं एवढं तर आपल्याला कळतं. शिकणारे हे पथ्य महिनोनमहिने धरतात, एकेका झाडासोबत, ताटात उकडलेली हिरवी केळी, अळणी भात आणि बोकीचिको नावाचा नदीतला काटेरी मासा. तुमचं दहा दिवसांचं पथ्य म्हणजे त्याची नुसती चुणूक.

घरून निघण्याआधी किती दिवस धरायचं ते तुमचं केंद्र सांगेल तसं, प्रत्येकाचं वेगळं असतं, बहुतेक जण दोन आठवडे म्हणतात, डुकराचं मांस आणि दारू त्याहून आधी बंद. श्रावण पाळत असाल तर अर्धं काम आपोआप झालं, फक्त गटारी धरून हिशेब करू नका, आणि मध्ये गणपती आले तर मोदकांचं काय ते तुमचं तुम्ही बघा. आणि हो, साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचे वेफर हा आपला उपास झाला, दिएता नव्हे. वरण-भात, उकडलेला दुधी, मुगाची खिचडी, फोडणीशिवाय, मीठ रोज थोडं थोडं कमी करत. एकदम अळणीवर येऊ नका.

मिठाबद्दल नर्स म्हणून एक सांगते. दहा दिवस अळणी जेवण, वर जंगलातला दमट उकाडा, दिवसभर घाम, रात्री उलट्या, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की भरपूर पाणी प्या, डिटॉक्स होतं. मग लोक चार-पाच लिटर साधं पाणी पितात आणि रक्तातलं सोडियम खाली जातं. डोकं जड, मळमळ, गोंधळल्यासारखं, आणि सगळ्यांना वाटतं की औषध "अजून काम करतंय". जास्त खाली गेलं तर फिट येते. तहान लागेल तेवढंच प्या. मी बॅगेत ओआरएसची पाकिटं ठेवते आणि कुणी लटपटताना दिसलं की मायेस्त्राला, म्हणजे औषध देणाऱ्या आणि गाणाऱ्या वैद्य बाईला, विचारून देते, तिने आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. याच कारणाने काम्बोपासून लांब राहा. काम्बो म्हणजे एका मोठ्या हिरव्या बेडकाच्या अंगावरचा स्राव, त्वचेला चटका देऊन त्यावर लावतात, आधी लिटरभर-दोन लिटर पाणी प्यायला लावतात आणि मग उलट्या. बरीच केंद्रं हल्ली पॅकेजमध्ये फुकट देतात. ते शिपिबोंचं नाहीच मुळात, ब्राझीलच्या सीमेकडच्या लोकांचं आहे. २०२५च्या जानेवारीत लिमातल्या अमेरिकन दूतावासाने आयावास्का आणि काम्बो दोन्हींबद्दल इशारा काढला होता.

आता केंद्र. तुम्ही नाव दिलेलं नाही आणि मलाही नको, पण पैसे भरले असले तरी या गोष्टी विचारून घ्या. काढा कोण शिजवतं, आणि त्यात वेल आणि चाक्रुना सोडून काय असतं? तोए घालतात का, हे नाव घेऊन विचारा. तोए म्हणजे आपल्या धोतऱ्याच्या जातीचं झाड, घंटेसारखी लोंबती फुलं, आणि काही लोक ताकद वाढवायला त्याची पानं टाकतात. त्याने जे दिसतं ते दर्शन नसतं, तो भ्रम असतो, माणूस नसलेल्या लोकांशी बोलतो आणि दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. धोतरा आपण शंकराला वाहतो, पोटात घेत नाही, तेवढंच लक्षात ठेवा. मग विचारा की एका रात्री किती जण बसतात, न घेता जागे किती असतात, हॉस्पिटल किती लांब आणि रात्री होडी तयार असते का. आणि मुख्य म्हणजे, तुम्हाला औषधांबद्दल कुणी विचारलं का? ज्यांनी फक्त नाव, पासपोर्ट आणि कार्ड नंबर घेतला त्यांच्याकडे जाऊ नका, वेबसाइटवर कितीही सुंदर केने नक्षी असो. केने म्हणजे शिपिबो बायका कापडावर काढतात ती चक्रव्यूहासारखी नक्षी, सुंदर असते, पण छापायला काय जातं.

कुणी बायका वाचत असतील तर, रात्रीचं गाणं सगळ्यांसमोर मालोकात, म्हणजे सगळे बसतात त्या मोठ्या झोपडीत, होतं. "तुझ्यावर खास उपचार आहे, एकटी झोपडीत ये", "कपडे काढ" असलं काही कुणी म्हटलं, तो कितीही मोठा मायेस्त्रो असो, तर उठून निघायचं. अशा घटना घडतात, बऱ्याच. बाई फॅसिलिटेटर, म्हणजे रात्री सांभाळणारी मदतनीस, आहे का हे आधी विचारा, आणि शक्य असेल तर जिथे गाणारी मायेस्त्रा आहे तिथे जा.

गोव्यात किंवा हिमाचलात एका रात्रीत होतं, स्वस्तात, असंही कुणीतरी तुम्हाला सांगेल. पेरूने २००८ साली आयावास्काच्या पारंपरिक वापराला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा जाहीर केलं, भारतात मात्र डीएमटी १९८५च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, बाटलीत काय आहे ते देणाऱ्यालाच माहीत नसतं, आणि काही झालं तर पोलिसांच्या भीतीने कुणी हॉस्पिटलला नेत नाही. येताना आठवण म्हणून बाटली भरून आणायचा विचारही करू नका, कस्टमला तुमचा आध्यात्मिक प्रवास समजावून सांगता येणार नाही.

संकल्पावर लोक पानंच्या पानं लिहून आणतात. इथली म्हातारी मायेस्त्रा ते ऐकून घेते आणि विचारते, दुखतं कुठे? तिच्या दृष्टीने तुम्ही पेशंट आहात, साधक नाही. पूर्वी तर काढा वैद्यच घ्यायचा, पेशंट नुसता पडून असायचा, पेशंटने पण प्यायचं हे बरंचसं परदेशी लोक यायला लागल्यापासून वाढलं. म्हणून एक वाक्य पुरे, मराठीत, जसं फॅमिली डॉक्टरला सांगाल तसं. "बाबा गेल्यापासून झोप लागत नाही." हे चालतं. "विश्वाशी एकरूप व्हायचंय" याला ती मान डोलावते आणि पुढच्या माणसाकडे वळते.

रात्रीचं थोडं सांगते म्हणजे कल्पना येईल. मालोका म्हणजे मोठी गोल झोपडी, वर पाल्याचं छप्पर, भिंतीच्या जागी डासांची जाळी. भिंतीकडेने गाद्या, प्रत्येकापुढे एक प्लॅस्टिकची बादली आणि टॉयलेट पेपर. दुपारनंतर जेवण नसतं. आठ-साडेआठला मायेस्त्रा बाटली तोंडाशी धरून तिच्यात हलकी शीळ घालते, मापाचोचा, म्हणजे रानटी तंबाखूचा, धूर फुंकते आणि एकेकाला बोलावून छोटा कप देते. चव करपलेल्या काकवीत आंबलेली कॉफी मिसळल्यासारखी, मागाहून घशात तुरट. पहिल्या रात्री कमी द्या असं स्वतःहून सांगा, लाज वाटू देऊ नका. मग दिवा विझतो. अर्धा-पाऊण तास काहीच होत नाही, फक्त बेडूक. तुम्हाला वाटतं आपल्यावर काम करत नाहीये, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी दुसरा कप मागतो. मागू नका.

मग मारेआसियोन येते, म्हणजे बोटीवर भोवंडतं तसं, आणि गाणी सुरू होतात, इकारो. मायेस्त्रा अंधारातच सरकत सरकत प्रत्येकापुढे येऊन बसते आणि फक्त त्याच्यासाठी गाते. ती पुढ्यात आली की उठून बसायचं, आडवं राहायचं नाही, हा मान आहे. उलटी आली तर येऊ द्या, इथे त्याला पुर्गा म्हणतात, औषधाचाच भाग. आपल्याकडच्या पंचकर्मातलं वमन ज्यांनी केलंय त्यांना हे फार परकं वाटत नाही. नाही आली तर घशात बोटं घालू नका, खालच्या वाटेनेही जातं, म्हणून संडासला जायची वेळ आली की हात वर करा, आम्ही धरून नेतो. शेजारचा रडत असेल तर त्याला जवळ घ्यायला जाऊ नका, आपल्या लोकांना हे सगळ्यात अवघड जातं. भीती वाटली तर पाठ ताठ, नाकाने श्वास, आणि गाण्याला धरून राहायचं, अंधारात जिन्याचा कठडा धरतो तसं. चार ते सहा तासांत उतरतं.

बॅगेचं पटकन. लांब बाह्यांचे सुती कपडे, लाल उजेडाची हेडटॉर्च, डासांचं मलम, गमबूट पुकाल्पाच्या बाजारात घ्या. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य सेंटरवरच, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टला रबरबँडने बांधून ठेवा, कारण पेरूहून परतताना कार्ड नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. अंड्याची अॅलर्जी असेल तर लस घेण्याआधी सांगा. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टर देतील तेव्हा मेफ्लोक्विन नको म्हणा, तिचे स्वतःचेच मानसिक साइड इफेक्ट असतात.

परत आल्यावर किमान तीन-चार दिवस सुट्टी ठेवा, लँड होऊन दुसऱ्या दिवशी स्टँडअप कॉलला बसू नका. महिनाभर राजीनामा नाही, घटस्फोटाची नोटीस नाही, आईवडिलांना "बालपणी तुम्ही मला" असं सुरू होणारा व्हॉट्सअॅप मेसेज नाही. वहीत लिहा, एक महिन्याने वाचा, अर्धं तेव्हाही खरं वाटेल. घरातल्या एका तरी माणसाला आधीच सांगून ठेवा की मी आल्यावर दोन-तीन रात्री सलग झोपलो नाही, भराभर बोलायला लागलो, माझ्यावर काही खास कामगिरी सोपवली आहे असं म्हणायला लागलो तर वाट न बघता डॉक्टरकडे न्यायचं. बंद केलेली गोळी परत सुरू करायची की नाही, कधी, तेही डॉक्टरच.

दहा दिवस संपले की पथ्य सोडायचा छोटा विधी असतो. आम्ही सकाळी ओळीने बसतो आणि मायेस्त्राची मुलगी एका बशीत चिरलेला कांदा, मीठ, लिंबू आणि आखी म्हणजे तिथली मिरची घेऊन येते, चिमूटभर प्रत्येकाच्या जिभेवर ठेवते. आपण लिंबू-मिरची दारावर टांगतो, ते जिभेवर. इतक्या दिवसांनी मीठ लागतं ना, तोंडाला असं पाणी सुटतं की बोलता येत नाही. त्यानंतरही डुक्कर, दारू आणि बाकीचं अजून काही आठवडे नाहीच, आणि विमानतळावर पोचल्या पोचल्या बर्गरवर तुटून पडलेले दोघेजण मी स्वतः लिमाच्या टॉयलेटपर्यंत धरून नेलेत.

डॉक्टरांशी बोलणं झालं की ते काय म्हणाले ते इथेच खाली लिहा, आणि केंद्राला तारीख पुढे ढकलण्याचा मेल आजच टाकून ठेवा, लवकर कळवलं तर काही जण तारीख बदलून देतात.